आरटीईची सोडत लागली; पुढे वर्गात काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब व वंचित घरांतल्या मुलांसाठी राखलेल्या जागांच्या, प्रवेशाची सोडत लागली की वर्तमानपत्रांत ठरलेल्या बातम्या येतात. जागा किती, अर्ज किती, रिकाम्या किती राहिल्या, या मुलांच्या फीपोटी सरकारने शाळांना द्यायची प्रतिपूर्ती किती थकली. मूल वर्गात जाऊन बसले की बातमी संपते. मुलाच्या दृष्टीने मात्र सगळे तिथूनच सुरू होते. नागपुरात धरमपेठेतल्या एखाद्या शाळेत बंगल्यातले मूल आणि जवळच्या वस्तीतले मूल एका बाकावर आले, एवढ्याने ती दोघे एकमेकांना बरोबरीची मानू लागत नाहीत. कधी मानतात, कधी नाही. आणि मानत नाहीत तेव्हा त्याची कारणे बहुतेक वेळा मोठ्यांनी लावलेल्या साध्या रोजच्या व्यवस्थांमध्ये सापडतात. शालेय समुपदेशन आणि शिक्षक प्रशिक्षणाचे काम करणाऱ्या आम्हा काही जणांना याबद्दल थोडे सविस्तर लिहायचे आहे. पत्र लांबले आहे. कात्री लावायचीच तर प्रस्तावनेला लावावी, तपशिलाला नको.

लहान मुलांना यातले काही कळत नाही, हा आपला लाडका समज. अमेरिकेतल्या अभ्यासांत चार-पाच वर्षांच्या मुलांपुढे दोन अनोळखी मुले ठेवली, एकाजवळ भारी वस्तू आणि दुसऱ्याजवळ साध्या दाखवल्या, तेव्हा मुलांचा कल भारी वस्तूवाल्याकडे गेला. रॉबर्ट लेही या मानसशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये सहा ते सतरा वर्षांच्या मुलांना श्रीमंत आणि गरीब माणसांचे वर्णन करायला सांगितले होते. लहानांनी कपडे, घर, गाडी सांगितली. अकराच्या आसपासच्या मुलांचे वर्णन स्वभावाकडे वळले: मेहनती, हुशार, आळशी. समाजात कुणाला संधी मिळते आणि कुणाला नाही, हा विचार त्याहून मोठ्यांच्या बोलण्यात आला, तोही सगळ्यांच्या नाही.

शिक्षकांच्या कामाचा यातला मधला टप्पा, म्हणजे साधारण तिसरी ते सातवी. जे दिसते त्याचे कारण या वयात मूल माणसाच्या आत शोधते. सोबतचा मुलगा पायी येतो, कारण त्याचे बाबा काही करत नाहीत, असा निष्कर्ष ते आपला आपण काढते; कुणी शिकवावा लागत नाही. वाईट याचे की पायी येणारा मुलगाही स्वतःच्या बापाबद्दल तोच निष्कर्ष काढतो. पालकसभेला आईने येऊच नये म्हणून चिठ्ठी दप्तरात दडवणारी मुले या वयात भेटू लागतात. त्यांना मूल्यशिक्षणाच्या तासाला ‘सगळे समान’ सांगून काही होत नाही. त्यापेक्षा हिशेब मांडू द्यावा. धुणीभांडी करणारी बाई दिवसात किती घरे करते, ऑटोचालक किती तास रस्त्यावर असतो, इतवारीतला हमाल दिवसाकाठी किती पोती उचलतो आणि संध्याकाळी हातात किती पडतात, हा गणिताचा चांगला प्रकल्प होतो. मेहनत जास्त म्हणजे पैसा जास्त, हे समीकरण मुले स्वतः मोडतात. पथ्य एकच: मुलांना स्वतःच्या आईबापाची कमाई विचारायची नाही. आकडे शिक्षकाने बाहेरून आणावेत.

सातवी-आठवीपासून खेळ बदलतो. वर्गात आवडणारे मूल वेगळे आणि चलती असलेले मूल वेगळे होऊ लागते. संशोधक या दोन गोष्टी निरनिराळ्या मोजतात: तुला कोण आवडते हा एक प्रश्न, वर्गात कुणाची चालते हा दुसरा. छोट्या वर्गांत दोन्ही याद्या बऱ्याच जुळतात, किशोरवयात फारकत घेतात. चलती असलेल्यांपैकी काही जण फारसे कुणाला आवडतही नाहीत, पण त्यांच्याविरुद्ध जायची कुणाची छाती नसते. त्यांचे हत्यार मारामारी नसते. एकीला वगळून नवा व्हॉट्सॲप ग्रुप काढायचा, डब्याच्या वेळी ती आली की विषय बदलायचा, कोचिंगच्या वरच्या बॅचचा उल्लेख मुद्दाम तिच्यासमोर करायचा. मोबाइल, बूट, दुचाकी यांची किंमत याच वयात कळीची होते, कारण चलतीची ती तिकिटे असतात. शाळा नेमकी अशाच मुलाला मॉनिटर करते. आवाज आहे, बाकीचे ऐकतात, शिक्षकांचे काम सोपे होते! मॉनिटरपद दर पंधरवड्याला हजेरीच्या क्रमाने फिरवले तर निम्मा प्रश्न सुटतो.

आपल्याकडे पैशाला पत्ता आणि आडनाव जोडून येतात. ‘कुठे राहतोस’ या प्रश्नाला एखाद्या लेआउटचे, म्हणजे आखीव वसाहतीचे, नाव उत्तरात आले की ऐकणाऱ्याचा चेहरा एक असतो, वस्तीचे आले की दुसरा. बारा-तेराव्या वर्षापर्यंत मुलांना पूर्ण नाव विचारण्याचा अर्थही कळलेला असतो. काटोल-नरखेडकडून शहरात आलेल्या मुलाच्या ‘करून राहिलो’ला हसू फुटते, आणि हसणाऱ्यांत शिक्षक सामील झाले तर त्या वर्षी ते मूल पुन्हा हात वर करत नाही.

जात चारचौघांत उच्चारल्याने काय होते, याचा एक चोख प्रयोग आपल्याच देशात झालेला आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जातीचा उल्लेख नव्हता तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांच्या कामगिरीत फरक नव्हता. सर्वांसमोर नाव, गाव, वडील-आजोबांचे नाव आणि जात वाचून दाखवल्यावर दलित मुलांची सुटलेली कोडी बरीच कमी झाली. मुले तीच होती, कोडीही त्याच प्रकारची होती.

आता आपल्या शाळांतला नेहमीचा प्रसंग घ्या. शिष्यवृत्तीचे अर्ज आले की वर्गशिक्षक म्हणतात, ‘एससी-एसटीवाल्यांनी उभे राहा.’ ऑनलाइन माहिती भरायची असली की प्रवर्ग मोठ्याने विचारला जातो. फी थकलेल्यांची यादी तासाच्या सुरुवातीला वाचली जाते. यामागे दुष्टपणा नसतो. वर्गशिक्षकावर साठ कामे असतात आणि ही सगळ्यात झटपट पद्धत वाटते. पण हॉफ-पांडे यांच्या प्रयोगात जे मुद्दाम केले गेले, ते इथे सवयीने होते, कधी चाचणीच्या आदल्या तासाला. पर्याय फार अवघड नाही. प्रवर्ग, बँक खाते, उत्पन्नाचा दाखला ही माहिती प्रवेशाच्या वेळी कार्यालयाने एकदाच घ्यावी आणि तिथेच ठेवावी. अर्ज आले की वर्गातल्या सगळ्यांना सारखेच बंद पाकीट द्यावे. ज्यांना लागू त्यांच्या पाकिटात अर्ज, बाकीच्यांच्या पाकिटात नेहमीची सूचना. फीचा तगादा पालकांच्या फोनवर, मुलाच्या हाती चिठ्ठी नाही. आरटीई कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेइतकाच मानसिक छळालाही मज्जाव केला आहे, हे फीची यादी वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

गणवेशाचेही असेच होते. सरकारी शाळांत मोफत गणवेश पूर्वी सर्व मुली, अनुसूचित जाती-जमातींची मुले आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांतली मुले यांनाच मिळे; उरलेले मुलगे बघत राहायचे. फुकटवाले आणि विकतवाले अशी विभागणी एका वर्गात सरकारच करून देत होते. २०२३-२४ पासून राज्याने तो सरसकट केला. योजनेच्या अंमलबजावणीवर, मापात न बसलेल्या कपड्यांवर टीका झाली आणि ती रास्त होती, पण सरसकट देण्याचा निर्णय योग्यच.

शिक्षकही या हवेतच वाढलेले असतात. रेमा हॅना आणि ली लिंडन या अर्थतज्ज्ञांनी भारतात उत्तरपत्रिकांच्या पहिल्या पानावर मुलांची जात अदलाबदल करून शिक्षकांना तपासायला दिल्या. खालच्या मानलेल्या जातीचे लेबल लागलेल्या उत्तरपत्रिकेला थोडे कमी गुण पडले, आणि हा फरक करणाऱ्यांत त्याच समाजगटांतले शिक्षकही होते. उपाय बोर्डाच्या परीक्षेत कधीचाच आहे: नाव नको, फक्त क्रमांक. घटक चाचणीतही नाव पेपराच्या मागच्या बाजूला लिहायला सांगता येते. खर्च शून्य.

आता खासगी शाळांच्या पालकांना वाटणाऱ्या भीतीबद्दल. ‘आमच्या मुलांचा दर्जा घसरेल’ हे वाक्य नागपुरात ऐकायला लांब जावे लागत नाही. गौतम राव या अर्थतज्ज्ञाने दिल्लीतल्या महागड्या शाळांमध्ये नेमके हेच तपासले. गरीब वर्गमित्र लाभलेल्या श्रीमंत मुलांचे हिंदी आणि गणिताचे गुण घटले नाहीत. इंग्रजीत किंचित फरक पडला. दुसरीकडे ती मुले अधिक उदार निघाली आणि भेदभाव कमी करू लागली. राव यांनी रिले शर्यतीचा एक प्रयोग केला: जोडीदार म्हणून वेगाने पळणारे गरीब मूल घ्यायचे की हळू पळणारे श्रीमंत मूल? बक्षीस लहान असताना सुमारे एक तृतीयांश मुलांनी हरण्याची जोखीम पत्करून श्रीमंत जोडीदार निवडला. बक्षीस पाचशे रुपये झाल्यावर असे करणारे अगदी थोडे उरले. गरीब मुलांसोबत शिकलेल्यांत हे प्रमाण मुळातच कमी होते. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्याने एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळांना आरटीईतून सूट दिली होती. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. ती टिकली असती तर शहरातल्या बहुतेक खासगी वर्गांत असा शेजार उरलाच नसता.

रावांच्या अभ्यासातली शिक्षकांच्या कामाची बारीक गोष्ट वेगळीच आहे. काही शाळांत अभ्यासगट मुलांच्या पहिल्या नावाच्या अकारविल्हे पाडले जात. ज्यांच्या गटात अशा रीतीने गरीब मुले आली, त्यांच्यात बदल जास्त दिसला. नुसते एका वर्गात असणे आणि एका गटात रोज काम करणे यात एवढे अंतर आहे. आपल्याकडे गट ‘आपापले पाडा’ असे सांगितले जाते, आणि पाच मिनिटांत व्हॅनवाले एकीकडे, पायी येणारे दुसरीकडे होतात. पहिल्या नावाने गट पाडावेत, आडनावाने नव्हे. कारण उघड आहे.

गट पडले तरी काम संपत नाही. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्टने १९५४ मध्येच सांगून ठेवले की सहवासाने पूर्वग्रह कमी व्हायचे असतील तर त्या कामापुरता सर्वांचा दर्जा समान हवा, ध्येय एक हवे, एकमेकांवाचून अडायला हवे आणि वरच्यांचा पाठिंबा दिसायला हवा. यातले काहीच नसेल तर सहवासाने उलट चिडही वाढते. या अटी वर्गात उतरवायची जिगसॉ नावाची पद्धत मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरनसन यांनी १९७१ मध्ये टेक्सासातल्या ऑस्टिन शहरात वापरली. तिथे नुकतीच गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांच्या शाळा एकत्र केल्या होत्या आणि रोज भांडणे होत होती.

आपल्या पन्नासच्या वर्गात ती अशी करावी. पाठाचे पाच भाग पाडा. उदाहरणार्थ ‘नागपूरचे पाणी’: अंबाझरी, गोरेवाडा, कन्हान, पेंच, आणि पाचवा भाग नळ-टँकरने ते घरापर्यंत कसे येते. पाच-पाच जणांचे दहा गट. प्रत्येकाला एकच भाग मिळतो, दुसऱ्याचा कागद दिसत नाही. पहिल्या तासाला आठ मिनिटे स्वतः वाचन. मग एकाच भागाची मुले एकत्र बसतात. ती दहा होतात, म्हणून त्यांचेही दोन तुकडे करावेत, नाहीतर दोघे बोलतात आणि आठ जण खिडकीबाहेर बघतात. इथे वीस मिनिटे: काय सांगायचे, कसे सांगायचे, एकमेकांना म्हणून दाखवायचे. दुसऱ्या तासाला मुले मूळ गटात परततात, प्रत्येकजण पाच मिनिटे आपला भाग शिकवतो आणि शेवटी दहा गुणांची छोटी चाचणी, प्रत्येक भागावर दोन प्रश्न, ज्याची त्याने एकट्याने द्यायची. आठवड्यातून दोन तास, किमान सहा आठवडे. एकदा करून ‘आमच्याकडे चालले नाही’ म्हणणाऱ्या शाळा बऱ्याच आहेत.

फसते ते ठरावीक जागी. घाई झाली की एकत्र तयारीची वीस मिनिटे गाळली जातात, आणि वाचनात कच्चे असलेले मूल थेट चौघांसमोर अडखळते. त्याची पत होती त्याहून घसरते. खरे तर ती वीस मिनिटे त्याच्यासाठीच असतात. गुण गटाला दिले तर कमी गुणांचे खापर त्याच्यावरच फुटते, म्हणून गुण वैयक्तिकच हवेत. एखादा गैरहजर असला तर त्याचा भाग शिक्षकाने आयत्या वेळी सांगू नये, शेजारच्या गटातला त्याच भागाचा मुलगा उसना घ्यावा. बाक जमिनीला जखडलेले असतील तर पुढच्या बाकावरच्यांनी मागे तोंड करून बसले की भागते.

वरच्या उदाहरणातला पाचवा भाग सहज घातलेला नाही. टँकरची रांग, पाणी सोडण्याची वेळ, भरलेल्या ड्रमचे पाणी दिवसभर पुरवणे यातले बारकावे बंगल्यातल्या मुलाला ठाऊक नसतात. तो भाग वस्तीतल्या मुलाकडे गेला तर गट प्रथमच त्याच्याकडून काही शिकतो. मात्र ‘तू वस्तीत राहतोस ना, मग तू सांग’ असे म्हणून तो त्याला द्यायचा नाही; चिठ्ठ्या टाकाव्यात आणि असे भाग वर्षभरात वारंवार येतील अशी आखणी करावी. एलिझाबेथ कोहेन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी गटकामातल्या प्रतिष्ठेवर वर्षानुवर्षे काम केले. त्यांचे निरीक्षण असे: गटात ज्याची पत जास्त तो जास्त बोलतो, जास्त बोलतो म्हणून जास्त शिकतो, आणि पत आणखी वाढते. हे चक्र तोडायला शिक्षकाने कमी पत असलेल्या मुलाने प्रत्यक्ष केलेली नेमकी गोष्ट सर्वांसमोर, कामाशी जोडून सांगावी. ‘शाब्बास’ पुरत नाही. ‘हिने नकाशावर धरण आणि जलशुद्धीकरण केंद्र यातला फरक दाखवला, तो पुढच्या प्रश्नाला लागेल’ हे पुरते. खोटी स्तुती मुले लगेच ओळखतात.

वर्गात खरोखर काय चालले आहे हे कळण्यासाठी वर्षातून दोनदा एक साधी पाहणी करता येते. मानसोपचारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांनी १९३४ मध्ये रूढ केलेली ही पद्धत आहे. शाळा जूनच्या अखेरीस उघडते. तेव्हा ऑगस्टमध्ये एकदा आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा. प्रत्येकाने चिठ्ठीवर स्वतःचा क्रमांक आणि ‘प्रकल्पात कुणासोबत काम करायला आवडेल’ याची तीन नावे लिहायची. ‘कोण नको’ हे मुळीच विचारू नये. मधल्या सुट्टीत त्याची चर्चा होते आणि एखाद्याचा बळी जातो. पन्नास ओळी, पन्नास रकाने असा तक्ता करून खुणा कराव्यात. ज्याच्या रकान्यात एकही खूण नाही ते मूल आधी पाहा. मग परस्परांची नावे लिहिणाऱ्या जोड्या मोजा, आणि त्यातल्या किती जोड्या आरटीई आणि फी भरणारी मुले यांच्यात आहेत ते वेगळे मोजा. दुसऱ्या वेळी हा आकडा वाढला नसेल तर गटकामाचे नाटक चालू आहे असे समजावे. चिठ्ठ्या नंतर फाडून टाकाव्यात. पालकसभेत तर हा तक्ता कधीच जाऊ नये.

सहल, गॅदरिंग आणि वाढदिवस यांवर थोडक्यात. सहलीची वर्गणी वर्गातल्या सगळ्यात ओढाताणीच्या घराला झेपेल एवढीच असावी. अजब बंगला हे संग्रहालय आणि रमण विज्ञान केंद्र वॉटर पार्कपेक्षा स्वस्त आहेत आणि शिकायला जास्त आहे. गॅदरिंगच्या नाचासाठी मुले निवडून झाल्यावरच पोशाखाचा विषय काढावा, आणि पोशाख शाळेच्या पेटीतला किंवा घरातलाच हवा. वाढदिवसाला वर्गात एकच गोळी, भेटवस्तू नाही. घरच्या पार्टीची आमंत्रणे वर्गात वाटायची तर सगळ्यांना, नाहीतर शाळेबाहेर.

पालकांकडेही बोट दाखवायलाच हवे. तान्हा पोळा, म्हणजे लाकडी बैल सजवून मिरवायचा मुलांचा पोळा, ही नागपूरकडच्या मुलांची खास चैन. पण लाकडी बैल हातात मावणारा की चाकांवर ओढून न्यावा लागणारा, यावरून लेआउटमध्ये घराची ऐपत मोजली जाते. सजावटीचे बक्षीस बहुधा मोठ्या बैलाला जाते, आणि कुणाला किती बोजारा, म्हणजे बैल घेऊन घरोघरी गेल्यावर मिळणारी ओवाळणी, मिळाला हे दुसऱ्या दिवशी वर्गात मोजले जाते. मंडळांनी स्पर्धेसाठी एक फुटाची मर्यादा घालावी, सजावट घरच्या सामानाची आणि मुलाने स्वतः केलेली असावी, आणि शेजारच्या वस्तीतल्या मुलांनाही त्याच रांगेत उभे करावे. पुढच्या पोळ्याला हे कुणालाही करता येईल.

शेवटी, ज्याची बातमी कधीच होत नाही ते. आरटीईचा लाभ आठवीपर्यंत आहे. नववीला पूर्ण फी भरावी लागते आणि ती न झेपणारी मुले शाळा सोडतात. म्हणजे पहिलीपासून जमलेली मैत्री चौदाव्या वर्षी, मित्रांची गरज सगळ्यात जास्त असते त्याच वयात, पैशाच्या रेषेवर तुटते. राहिलेल्यांना आणि गेलेल्यांना, दोघांनाही त्यातून जो धडा मिळतो तो मागच्या आठ वर्षांवर पाणी फिरवतो. हा लाभ दहावीपर्यंत नेणे राज्य सरकारच्या हातात आहे. एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये प्रतिपूर्ती ठरलेली असताना तीही वेळेवर जात नाही आणि शाळा तो राग मुलांवर काढतात, हे पाहता आधी थकबाकी चुकती करावी लागेल. तोवर आठवीच्या दुसऱ्या सत्रातच शाळेने त्या पालकांना बोलावून फीसवलत, अनुदानित शाळेतला प्रवेश आणि शिष्यवृत्ती यांची माहिती द्यावी, आणि एका शाळेत चार-पाच जणांनी मिळून जावे असे पाहावे.

आरटीईच्या मुलांना वेगळ्या तुकडीत वा वेगळ्या वेळी बसवणे, पुस्तके, ग्रंथालय, संगणक, खेळ यांत डावलणे याला केंद्राच्या २०१० च्या नियमांतच मनाई आहे. तसे होत असेल तर आरटीई कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे महापालिका किंवा जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडे लेखी तक्रार करता येते. तक्रार कुणीही करू शकतो, पालकच असावा लागत नाही. तारीख, तुकडी आणि घडलेली गोष्ट लिहावी, पोच घ्यावी. तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. न पटल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. मुलाचे नाव अर्जाच्या विषयाच्या ओळीत घालू नये, सोबतच्या बंद पाकिटात द्यावे.

आपले,
शालेय समुपदेशन व शिक्षक प्रशिक्षण क्षेत्रातील काही जण,
नागपूर